संध्याकाळची नाव आणि हातातला दिवा

(मननासाठी : मार्क ४:३५-४१, मत्तय २५:१-१३)



शुभवर्तमानात नावेचे प्रसंग पुष्कळ आहेत. त्यांतला संध्याकाळी निघालेल्या नावेचा प्रसंग मार्कने सांगितला आहे. दिवसभर दाखल्यांतून लोकांना शिकवून झाल्यावर, दिवस मावळताना, येशू शिष्यांना म्हणतो की आपण पलीकडे जाऊ या. तो जसा होता तसाच शिष्य त्याला नावेत घेतात आणि निघतात. पुढे वादळ उठते, येशू उशीला डोके टेकून झोपलेला असतो, शिष्य घाबरून त्याला उठवतात. प्रवचनांत आपण बहुधा त्या वादळाविषयीच ऐकतो. आज मात्र त्याआधीच्या एका साध्या गोष्टीकडे लक्ष देऊ या. अंधार पडत होता, तरी नाव निघाली. ती मौजेसाठी निघाली नव्हती, तिला पलीकडच्या तीरावर पोचायचे होते आणि येशू त्या नावेत होता.

हा विषय आज घ्यायला दोन निमित्ते आहेत. पहिले म्हणजे येत्या २४ नोव्हेंबरला आपली ख्रिस्तसभा व्हिएतनामच्या रक्तसाक्ष्यांचा सण पाळते. दुसरे निमित्त असे की, हल्ली आपल्या भागातून व्हिएतनामला सहलीसाठी जाणारी कुटुंबे वाढली आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत आम्हीही आपल्या धर्मग्रामातील काही कुटुंबे मिळून तिकडे जाऊन आलो. तिथल्या एका नदीवर संध्याकाळी कंदिलांच्या नावेतून फिरताना जे पाहिले, आणि त्याच नदीकाठचा जो इतिहास आपल्याला ठाऊक असायला हवा, ते दोन्ही आज आपल्यापुढे ठेवतो.

कंदिलांची नदी

मध्य व्हिएतनाममध्ये दा नांगच्या दक्षिणेला सुमारे ३० किलोमीटरवर होई आन नावाचे जुने गाव आहे. थू बोन नदीच्या काठी वसलेले हे गाव कित्येक शतके मोठे बंदर होते. जपानी, चिनी, पोर्तुगीज आणि डच व्यापारी इथे येत असत. पुढे नदीत गाळ साचत गेला, मोठी जहाजे आत येईनाशी झाली आणि व्यापार दा नांगला गेला. गाव मागे पडले आणि त्यामुळेच त्याची जुनी घरे, अरुंद गल्ल्या आणि जपानी पूल शाबूत राहिले. १९९९ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

दिवस मावळला की गावातून जाणाऱ्या नदीच्या फाट्यावर लाकडी होड्या रांगेने उभ्या राहतात. बांबूच्या कामट्यांवर रेशमी कापड ताणून केलेले लाल, पिवळे, निळे कंदील प्रत्येक होडीवर टांगलेले असतात. वल्हे मारणाऱ्यांत बायका पुष्कळ आहेत, त्यांतल्या काही चांगल्या वयस्कर. आमच्या होडीवर होती ती बाई आपल्याकडच्या कुठल्याही कोळणीची बहीण शोभली असती. रापलेला चेहरा, डोक्यावर शंकूच्या आकाराची टोपी आणि हातात वल्ह्याची सवय. फेरी सुमारे वीस मिनिटांची. आम्हांला तिची भाषा येत नव्हती, तिला आमची. जीवरक्षक जाकिटे घाला, मुलांना मधे बसवा, हे सारे तिने खुणांनीच सांगितले.

नदीच्या मध्यावर आल्यावर तिने रंगीत कागदाचे फुलासारखे द्रोण पुढे केले. प्रत्येकात एक छोटी मेणबत्ती होती. वारा होता, काडी पेटून विझत होती. मग तिने एकच मेणबत्ती आपल्या ओंजळीच्या आडोशाला धरून पेटवली आणि ती शेजारच्या मुलाच्या हातात दिली. त्याने आपल्या मेणबत्तीने पुढच्याची लावली, पुढच्याने त्याच्या पुढच्याची. असे करत होडीतले सगळे दिवे लागले. नंतर लांब काठीच्या टोकाने ते एकेक करून पाण्यावर ठेवले गेले. मनात एक इच्छा धरायची आणि दिवा सोडून द्यायचा, अशी तिथे पद्धत आहे. आजूबाजूच्या होड्यांतूनही दिवे सुटत होते. नदी पाहत राहावी अशी दिसत होती. होडी वळली, परत निघाली आणि जिथून बसलो त्याच घाटावर येऊन लागली.

हे दिवे कोणाचे?

एक गोष्ट आदराने समजून घेतली पाहिजे. पर्यटकांसाठी हा आज खेळ झाला असला, तरी तिथल्या लोकांसाठी दिव्यांना अर्थ आहे. चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री, म्हणजे पुनवेच्या आदल्या रात्री, जुन्या गावातले विजेचे दिवे मालवून कंदील लावतात. त्या रात्री घरोघरी पूर्वजांपुढे धूप, फुले आणि फळे ठेवली जातात. ज्यांनी आपल्याला जन्म दिला त्यांना विसरू नये, ही त्यामागची भावना.

नोव्हेंबर महिन्यात आपण दुसरे काय करतो? २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, आपण कब्रस्तानात जातो. आजी-आजोबांच्या, आई-वडिलांच्या कबरी साफ करून फुले ठेवतो, मेणबत्त्या लावतो आणि त्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करतो. आपली श्रद्धा ख्रिस्ताच्या पुनरुत्थानावर उभी आहे, म्हणून आपली प्रार्थना वेगळी आहे. पण गेलेल्या माणसांविषयीची कृतज्ञता ही सर्व माणसांना देवानेच दिलेली आहे. तेव्हा परक्या देशातील कोणाच्या दिव्याला नावे ठेवणे आपल्याला शोभत नाही. आपण आपल्या दिव्याचे काय करतो, एवढेच आपण विचारावे.

हा प्रश्न पडतो, कारण पाण्यावर सोडलेले दिवे फार वेळ टिकत नाहीत. परत येताना नदीच्या खालच्या अंगाला पाहिले, तर बरेचसे विझलेले होते आणि भिजलेले कागद काठाशी गोळा झाले होते. त्यात नवल नाही. जो दिवा आपण सोडून देतो, त्याला वाऱ्यापासून जपणारा हात उरत नाही.

त्याच नदीकाठचे दुसरे दिवे

होई आनला जाणाऱ्या प्रवाशांना जपानी पूल दाखवतात. तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या जपानी व्यापाऱ्यांनी बांधला. त्या जपानी वस्तीचा आपल्या श्रद्धेशी जवळचा संबंध आहे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे २६ ख्रिस्ती रक्तसाक्ष्यांना क्रुसावर देण्यात आले. त्यांत आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया होते. छळ तिथे थांबला नाही. १६१४ साली जपानच्या राज्यकर्त्यांनी सर्व मिशनऱ्यांना देशाबाहेर घालवले. बाहेर पडलेल्यांपैकी फादर दियोगो कार्व्हालो आणि त्यांच्याबरोबर इटलीचे फादर फ्रान्सिस्को बुझोमी हे येशूसंघीय १८ जानेवारी १६१५ रोजी दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले. होई आनच्या जपानी वस्तीतील ख्रिस्ती लोकांची सेवा करणे हा त्यांच्या येण्याचा एक हेतू होता. म्हणजे ज्या छळात वसईच्या सुपुत्राने प्राण दिले, त्याच छळातून उडालेली ठिणगी या नदीकाठी येऊन पडली. फादर कार्व्हालो पुढे जपानला परत गेले. तिथे फेब्रुवारी १६२४ मध्ये सेंदाई येथे कडाक्याच्या थंडीत त्यांना नदीच्या गोठत्या पाण्यात उभे करून मारण्यात आले. १८६७ साली ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित घोषित केले.

त्यांच्या मागून फादर फ्रान्सिस्को दी पिना आले. व्हिएतनामी भाषा अस्खलित बोलणारा हा पहिला मिशनरी. १६२५ च्या डिसेंबरमध्ये याच किनाऱ्यावर होडी उलटून ते बुडाले. त्यांच्याकडून भाषा शिकलेले फादर अलेक्झांडर दे रोड्स यांनी ते काम पुढे नेले. १६५१ साली रोममध्ये त्यांचा व्हिएतनामी शब्दकोश आणि धर्मशिक्षणाचे पुस्तक छापले गेले. आज व्हिएतनाममध्ये दुकानाच्या पाटीपासून वर्तमानपत्रापर्यंत जी रोमन लिपी दिसते, ती या धर्मगुरूंच्या परिश्रमांतून आकाराला आली.

इथेही आपल्याशी एक धागा जुळतो. फादर अलेक्झांडर व्हिएतनामला जाण्यापूर्वी १६१९ साली गोव्यात आले आणि काही काळ तिथे राहिले. लोकांच्या भाषेत लोकांना ख्रिस्त सांगावा म्हणून मराठीत ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स यांचा मृत्यू त्याच वर्षीचा. त्यांचे पुस्तक १६१६ साली छापले गेले होते. एकाने मराठीत लावलेला दिवा आणि दुसऱ्याने व्हिएतनामीत लावलेला दिवा, दोन्हींमागची तळमळ एकच होती.

एकोणीस वर्षांचा धर्मशिक्षक

या साऱ्यांत आपल्या तरुणांनी लक्षात ठेवावे असे नाव आंद्रे यांचे आहे. व्हिएतनामच्या फू येन प्रांतातील हा मुलगा. वडील लवकर गेले, आईने वाढवले. १६४१ साली आई आणि मुलगा दोघांचाही स्नानसंस्कार झाला. फादर अलेक्झांडर यांनी तरुण प्रापंचिकांमधून धर्मशिक्षकांचा एक गट तयार केला होता, त्यात आंद्रे सामील झाला. धर्मगुरू थोडे होते आणि त्यांना वारंवार देशाबाहेर घालवले जाई. ते नसतील तेव्हा प्रार्थना चालवणे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणे आणि लहान-थोरांना शिकवणे हे काम धर्मशिक्षक करीत.

जुलै १६४४ मध्ये अधिकाऱ्याचे शिपाई दुसऱ्याच एका धर्मशिक्षकाला पकडायला आले. तो घरी नव्हता. आजारी सोबत्यांची देखभाल करीत आंद्रे तेवढा घरात होता. शिपायांनी त्यालाच नेले. ख्रिस्ताला नाकारले तर जीव वाचेल, हे त्याला ठाऊक होते. त्याने नाकारले नाही. २६ जुलै १६४४ रोजी, होई आनपासून थोड्याच अंतरावर, त्याला आधी भाल्याने भोसकले आणि मग त्याचा शिरच्छेद केला. त्याचे वय एकोणीस होते आणि स्नानसंस्कार होऊन तीनच वर्षे झाली होती. पुढच्याच वर्षी फादर अलेक्झांडर यांना त्या देशातून कायमचे जावे लागले. आंद्रेचे शिर त्यांनी बरोबर रोमला नेले. ५ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी आंद्रेला धन्यवादित घोषित केले.

त्यानंतरच्या दोनशे-सव्वादोनशे वर्षांत व्हिएतनाममध्ये असंख्य ख्रिस्ती लोक मारले गेले. त्यांपैकी ११७ जणांना १९ जून १९८८ रोजी संतपद देण्यात आले. त्यांत ९६ व्हिएतनामी, ११ स्पॅनिश आणि १० फ्रेंच. व्हिएतनामी संतांपैकी ५९ जण तुमच्या-आमच्यासारखे प्रापंचिक होते. त्यांत एकच स्त्री आहे. सहा मुलांची आई असलेल्या संत अग्नेस ले थी थान्ह यांना, धर्मगुरूला आसरा दिला म्हणून पकडण्यात आले. मारहाणीने त्यांचे कपडे रक्ताने भरले होते. भेटायला आलेली मुलगी ते पाहून रडू लागली, तेव्हा हे गुलाब आहेत असे सांगून आईने तिची समजूत घातली. १८४१ साली त्या तुरुंगातच मरण पावल्या.

आणि हे काही फार जुन्या काळापुरतेच नाही. कार्डिनल फ्रान्सिस झेवियर न्ग्युएन व्हान थुआन यांना १९७५ साली अटक झाली. तेरा वर्षे ते बंदिवासात होते, त्यांपैकी नऊ वर्षे एकांतवासात. पोटाच्या औषधाच्या नावाखाली घरच्यांनी पाठवलेल्या द्राक्षरसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब तळहातावर घेऊन ते मिस्सा अर्पण करीत. तळहात हीच त्यांची वेदी होती. २०१७ साली ख्रिस्तसभेने त्यांना पूजनीय घोषित केले. ज्या देशात दिवा विझवण्याचे एवढे प्रयत्न झाले, त्या देशात आज सुमारे सत्तर लाख कॅथोलिक आहेत.

सोडायचा की पुढे द्यायचा?

बंधू-भगिनींनो, त्या नदीवर आम्ही दिव्याच्या दोन गोष्टी पाहिल्या. दिवा सोडून देता येतो, तसाच तो दुसऱ्याच्या हातात देता येतो. सोडलेला दिवा थोडा वेळ सुंदर दिसतो. दिलेला दिवा दुसऱ्याची वात पेटवतो आणि आपलाही तेवत राहतो. आंद्रे, अग्नेस आणि कार्डिनल थुआन यांनी आपला दिवा कधी प्रवाहावर सोडला नाही. तो हातात धरला आणि पुढच्या हातात दिला.

आपल्या स्नानसंस्काराच्या वेळी काय झाले, ते आठवू या. पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून एक लहान मेणबत्ती पेटवली गेली आणि ती आपल्या वडिलांच्या किंवा धर्मपित्याच्या हातात दिली गेली. हा प्रकाश जपा, हे मूल प्रकाशाचे मूल म्हणून वाढवा, असे त्यांना सांगितले गेले. ती मेणबत्ती पुष्कळ घरांत आजही कपाटात, फोटोंच्या अल्बमशेजारी ठेवलेली असते. मेण जपून ठेवले आहे. ज्योत कोणाच्या हातात आहे?

आपल्या घरांची आजची स्थिती आपल्यापासून लपलेली नाही. आंजेलुसची घंटा वाजते, पण तिच्या आवाजाने टीव्ही बंद होतोच असे नाही. जपमाळेला आजी बसते, तिच्याजवळ कोण बसते? मुले अभ्यासात, आई-वडील गाडीच्या गर्दीतून उशिरा घरी, आणि जो तो आपापल्या मोबाइलमध्ये. शिकलेली मुले कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला, आखातात जातात. त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि असावा. पण विमानतळावर निरोप देताना बॅगेत लोणचे आणि मसाला आठवणीने घातला जातो. प्रार्थनेची सवय मात्र बॅगेत ऐन वेळी घालता येत नाही. ती पंधरा-वीस वर्षे रोज थोडी थोडी भरावी लागते.

दहा कुमारिकांच्या दाखल्यात पाच जणींच्या दिव्यातले तेल संपते. त्या दुसऱ्या पाच जणींकडे तेल मागतात आणि ते मिळत नाही. हा दाखला ऐकताना शहाण्या कुमारिका जरा कठोर वाटतात. पण येशू इथे एक खरी गोष्ट सांगत आहे. ज्योत एका दिव्यावरून दुसऱ्या दिव्याला देता येते, तेल मात्र ज्याचे त्याने जमवायचे असते. आई-वडील मुलाच्या हातात ज्योत देऊ शकतात. ती जळत राहावी म्हणून लागणारे तेल म्हणजे मुलाची स्वतःची प्रार्थना, त्याचे मिस्साला जाणे, त्याने दुसऱ्यासाठी खाल्लेल्या खस्ता. ते त्यानेच जमवायचे. आपण त्याला जमवायची सवय लावू शकतो, आणि ती लहानपणीच लागते.

म्हणून या नोव्हेंबर महिन्यात, आगमनकाळ सुरू होण्यापूर्वी, तीन गोष्टी करू या.

पहिली : आठवड्यातून निदान तीन संध्याकाळी घरातील सर्वांनी मिळून प्रार्थना करावी. पूर्ण जपमाळ जमत नसेल तर एक दशक म्हणा. पण आजीला एकटीला बसू देऊ नका. प्रार्थना संपल्यावर मुलांनी मोठ्यांकडे आशीर्वाद मागण्याची आपली जुनी पद्धत पुन्हा सुरू करा. मुलाच्या डोक्यावर ठेवलेला हात म्हणजे वाऱ्यापासून ज्योत जपणारी ओंजळच असते.

दुसरी : आपल्या धर्मग्रामात धर्मशिक्षण वर्गासाठी शिक्षक हवे आहेत. आपल्याला काय येते, असे म्हणून तरुण मागे राहतात. आंद्रेला स्नानसंस्कार होऊन तीनच वर्षे झाली होती आणि तेवढ्या शिदोरीवर तो दुसऱ्यांना शिकवत होता. रविवारचा एक तास द्यायची तयारी असलेल्यांनी मिस्सानंतर धर्मगुरूंना भेटावे.

तिसरी : सहलीला जाल तेव्हा आनंदाने जा. देवाची सृष्टी पाहणे, दुसऱ्या लोकांच्या रीती समजून घेणे हेही देवाची स्तुती करणेच आहे. पण हॉटेल आणि गाडी ठरवता त्याच वेळी रविवारची मिस्सा कुठे मिळेल, हेही पाहून ठेवा. दा नांगला, होई आनला चर्च आहेत. परक्या भाषेतली मिस्सा कळत नाही, असे मुले म्हणतील. प्रसंगाला साजेशी गोष्ट त्यांना तिथेच सांगा. आपण कोणत्या क्षणी गुडघे टेकायचे हे तिथे कोणी सांगावे लागत नाही, कारण वेदीवर येणारा प्रभू तोच असतो. आणि जिथे जाल तिथे तुमची होडी वल्हवणाऱ्या, तुमचे ताट मांडणाऱ्या, तुमची खोली झाडणाऱ्या माणसांशी अदबीने बोला. त्या माणसांना आपल्या वागण्यातूनच ख्रिस्त दिसणार आहे.

मार्कच्या शुभवर्तमानातील ती नाव संध्याकाळी निघाली आणि पलीकडे पोचली. आपल्या कुटुंबाची नावही आज अंधारून येणाऱ्या पाण्यावर आहे. फिरून पुन्हा त्याच घाटावर येण्यासाठी ती निघालेली नाही. तिला पलीकडे जायचे आहे, आणि आपल्यानंतर आपल्या मुलांनाही. येशू नावेत आहे. तो कधी कधी झोपल्यासारखा वाटतो, पण तो उतरून गेलेला नाही. त्याला हाक मारायची सवय आपल्या घरांत राहिली पाहिजे.

प्रार्थना करू या :

हे प्रभू येशू ख्रिस्ता, स्नानसंस्काराच्या दिवशी तू आमच्या हातात प्रकाश दिलास. ज्यांनी तो आमच्यापर्यंत आणला, त्या आमच्या आई-वडिलांना, आजी-आजोबांना, धर्मगुरूंना आणि धर्मशिक्षकांना, विशेषतः जे तुझ्याकडे आले आहेत त्यांना, तू सार्वकालिक विश्रांती दे. दूर देशी असलेल्या आमच्या मुलामुलींना सांभाळ. संत गोन्सालो, धन्यवादित आंद्रे आणि व्हिएतनामचे सर्व रक्तसाक्षी यांच्या मध्यस्थीने आम्हांला असे बळ दे की, हा प्रकाश आमच्या घरात विझू नये आणि आमच्या हातून तो पुढच्या पिढीच्या हाती जावा. आमेन.